गल्लीतली कुत्री आणि तुझा मोती

मोतीला फिरवायला नेतेस तेव्हा आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा घरीच ठेव. साधा, दीड मीटरचा पुरे. आणि समोर कुत्रं दिसलं की तो ताणू नकोस. ताणलेल्या पट्ट्यावरचं कुत्रं आणखी बिथरतं. बहुतेक भांडणं हद्दीची असतात. दादर-माहीमच्या गल्ल्यांत प्रत्येक टोळीचा कोपरा ठरलेला, आणि मच्छी बाजाराजवळ, कचरापेटीशी किंवा पिल्लांपाशी ती जास्त चिडतात. तिथून दोन आठवडे वाट बदललीस तर काही बिघडत नाही. कानाला खाच असलेलं कुत्रं नसबंदी झालेलं असतं, पण म्हणून ते शांतच असेल असं नाही हं.

अंगावर आलंच तर पळू नकोस. मोतीला मागे घे, मधे उभी राहा, छत्री फटकन उघड. पावसाळ्यात ती हातात असतेच, मी तर उन्हाळ्यातही नेते. दगड मारू नकोस. जुंपलीच तर तोंडाजवळ हात घालायचा नाही, पाणी ओतायचं.

तुला दात लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. मोतीला लागला तर त्याचं रेबीजचं इंजेक्शन झालेलं असलं तरी डॉक्टरांना दाखव.