टाळू रुंद करायला तोंडात बसवलेल्या एक्सपांडरची चावी मूल गिळू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

चावीला दोरा बांधा, बाकी सगळं नंतर. दोऱ्याशिवाय ती चावी पोराच्या तोंडाजवळ न्यायचीच नाही.

तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि घरी चावी फिरवायची भीती वाटते म्हणताय, वाटणारच. बोटभर तार ती, एकदा फिरवली की स्क्रू साधारण ०.२५ मिलिमीटर उघडतो, पण फिरवायची पुढून मागे म्हणजे थेट घशाकडे, आणि काढतानाही मागूनच काढायची कारण पुढे ओढली तर फिरवलेलं उलटं फिरतं. त्यात लाळेने बोटं बुळबुळीत. आम्हाला सांगलीत डॉक्टरांनी चावी नुसती पुडीत घालून दिली, दोरा नाही की दांडा नाही. मी घरी येऊन चावीच्या कडीत फ्लॉस ओवला आणि दुसरं टोक मनगटाला बांधलं. वन्सं सुट्टीला आलेल्या, म्हणाल्या, "काय गं, पतंग उडवतेस का?" मी गप्प बसले. नंतर एका रात्री चावी काढताना लेकीला उबळ आली, तिने मान झटकली, चावी सुटली ती जिभेच्या मागेच गेली. मी हात ओढला आणि फ्लॉसबरोबर चावी बाहेर आली. वन्संनी हे डोळ्यांनी बघितलं, तरी आजही म्हणतात गिळली असती तर केळं खाऊ घालायचं, निघून जाते. अहो, पोटात गेलेलं बहुतेक वेळा शीतून जातं हे मान्य, पण श्वासनलिकेत गेलं तर केळं काय करणार?

डॉक्टरांकडेही विचारायला लाजू नका, दाढेची रिंग बसवताना घशापुढे गॉजची (जाळीदार कापडाची) घडी ठेवता का, तारेचं कापलेलं टोक धरून ठेवणारा कटर आहे का. आणि भडंगातले शेंगदाणे, चिक्की, ऊस बंद, त्यानेच दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट सुटतात आणि जेवताना घासाबरोबर पोटात जातात.

मी डॉक्टर नाही, एक्सपांडरचे प्रकारही वेगळे असतात, त्यामुळे तुमचा कसा फिरवायचा ते त्यांच्यासमोर एकदा करून बघा. काही घशात पडलंच तर मान मागे नाही, पुढे झुकवायची. खोकला थांबत नसेल, घरघर लागली, लाळ गिळता येत नसेल तर ताबडतोब हॉस्पिटल, उलटी काढायला जाऊ नका. आणि त्रास दिसत नसला तरी डॉक्टरांना कळवून एक्सरेचं विचारा, एक्सपांडरच्या प्लेटचं प्लास्टिक मात्र एक्सरेत नीट दिसत नाही तेही लक्षात ठेवा.

वन्संच्या नातवाला आता हेच बसवायचंय. त्यांना सांगून ठेवलंय, चावी हातात आली की आधी माझ्याकडे आणायची.