क्लच प्लेट गेली आहे, पण मेकॅनिक पूर्ण सेट (क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग) आणि ऑइल सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्याही बदलायच्या म्हणतो. फसवतोय का?

माझ्या मते नाही. तुमची गाडी पिकअप आहे, म्हणजे इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स आणि मधे घंटेच्या आकाराचं बेल हाउसिंग. क्लच त्याच्या पोटात असतो. तिथे हात घालायचा तर प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा), स्टार्टर आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. खरी मजुरी या उतरवण्या-चढवण्याची आहे. फक्त प्लेट बदलली आणि महिन्याभरात रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) ओरडायला लागलं, तर एका छोट्या बेअरिंगसाठी तीच मजुरी पुन्हा द्याल.

आत काय चालतं ते सांगतो. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागचं जड चाक, इंजिनाबरोबर फिरतं. प्रेशर प्लेट त्यावर बोल्टने घट्ट बसवलेली असते आणि तिची पाकळ्यांच्या चकतीसारखी डायाफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या खाचांवर बसते, त्यामुळे दाब असेतोवर गिअरबॉक्स फिरतो. पेडल दाबलं की फोर्क रिलीज बेअरिंगला स्प्रिंगच्या पाकळ्यांवर ढकलतो आणि प्लेट मोकळी होते. घाटात ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरली की प्लेट अर्धवट घासत राहते. प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर, म्हणजे लायनिंग, जळतं, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात, बारीक तडेही जातात. असं फ्लायव्हील लेथवर साफ न करता नवी प्लेट टाकली तर गाडी उचलताना थरथरते.

आता सील. इंजिनाच्या मागच्या बाजूला क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) सील असतं, गिअरबॉक्सच्या तोंडाशी इनपुट शाफ्टचं. दोन्हींपैकी कुठलंही गळलं तर तेल थेट क्लचवर येतं आणि नवी प्लेटही सरकायला लागते. बेल हाउसिंगच्या तळाशी ओल दिसली तर तेल बोटावर घ्या. डिझेल इंजिनाचं तेल काळं असतं, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. आतून सगळं कोरडं असेल तरीही मी सील बदलतो, कारण क्लच सेटच्या मानाने त्यांची किंमत किरकोळ असते.

काम चालू असताना तिथे उभे राहा, जुनी प्लेट हातात मागा. रिव्हेटपर्यंत लायनिंग झिजलंय की तेलाने माखलंय, ते तुमच्या डोळ्यांना दिसेल. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. बसवताना डमी शाफ्टने (इनपुट शाफ्टच्या मापाच्या तात्पुरत्या दांड्याने) प्लेट मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने, समोरासमोर आवळायचे. गिअरबॉक्स चढवताना जॅक हवाच. त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळलं तर नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो आणि पुढे क्लच पूर्ण सुटत नाही. माझ्या अनुभवात ‘नवीन क्लच टाकूनही गिअर अडकतो’ या तक्रारीमागे बरेचदा हेच निघतं.

गाडी ताब्यात घेताना उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून क्लच पेडल पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकर आवाज आला तर पैसे देण्याआधी पुन्हा तपासायला लावा.