हप्ता फेब्रुवारीचा, काम जूनचं : कास्तकारांच्या काही प्रश्नांना उत्तरं

नोव्हेंबर २०२५ चा पीएम किसानचा हप्ता जमा झाला तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांत आणि शिवारफेरीत विचारलेल्या प्रश्नांत कीड-रोग कमी, पैसाच जास्त आहे. नागपूर जिल्ह्यातल्या चार-पाच कास्तकारांचे प्रश्न निवडले आहेत. नावं मुद्दाम दिली नाहीत.

"साहेब, केंद्राचे सहा अन् राज्याचे सहा, वर्षाला बारा हजार. दिवसाला तेहतीस रुपये पडले. एवढ्यात आमच्या घरचं काय बदलते जी?" (भिवापूर तालुका, पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर)

भाऊ, हिशेब बरोबर आहे. मी तो आणखी कडू करतो. बारा हजार पाच एकरांवर पसरले तर एकरी २,४०० येतात. डीएपीचं एक पोतं १,३५० रुपयांचं, युरियाचं २६६ रुपये ५० पैशांचं. उरलेल्यात एकरभर सोयाबीनचं एक निंदणही निघत नाही. आणि २०२४ सालचा भाव आठवा. सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि दिवाळीत बाजारात माल जात होता ४,००० ते ४,२०० ने. क्विंटलमागे ७०० रुपये कमी धरले, तर तुमच्या वीस क्विंटलांवर १४,००० गेले. म्हणजे वर्षभराची मदत भावातल्या फरकानं एका आठवड्यात खाल्ली. कृषी खात्यातला सरकारी नोकर असून हे लिहितो आहे, पण हप्ता हा भावाला पर्याय आहे असं तुम्हाला सांगितलं तर तुम्ही माझं पुढचं काही ऐकणार नाही, आणि बरोबरच करणार.

तरीही बदलतं काहीतरी, आणि ते जूनमध्ये बदलतं.

आपल्याकडे घरात पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, नंतर तूर निघाल्यावर. जायला लागतो तो जूनपासून. मधल्या चार-पाच महिन्यांची दरी कोण भरतं? कृषी केंद्राची उधारी. महिना शेकडा तीननं डीएपीचं एक पोतं जूनमध्ये उचललं आणि पाच महिन्यांनी सोयाबीन विकून फेडलं, तर १,३५० चे साडेपंधराशेच्या वर होतात. पोत्यामागे दोनशे रुपये हा काही जीव घेणारा आकडा नाही. खरी किंमत वेगळीच मोजावी लागते. उधारीवाल्याला "हे नको, ते द्या" म्हणता येत नाही. दुकानदार काउंटरवर ठेवेल ते टॉनिक, तो सांगेल ते वाण. आणि उधारीत पक्कं बिल मागायची हिंमत होत नाही.

हे बिलाचं मी बांधावर पाहिलेलं आहे. पेरणीनंतर आठव्या दिवशी एकाच्या वावरात गेलो होतो. तासात हात-हात अंतरावर एखादा कोंब, बाकी माती उकरली तर बियाणं कुजलेलं. तक्रार करायची तर बिल हवं. घरात होती ती वहीच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, त्यावर "सोया २ बॅग बाकी" एवढंच. लॉट नंबर नाही, वाण नाही. पिशव्या त्यानं पावसात खिडकीला लावल्या होत्या म्हणून निदान लेबल मिळालं, पण बिलाशिवाय ते लेबल त्याच्याच बियाण्याचं हे सिद्ध कसं करायचं? शेजारच्यानं तेच बियाणं रोखीनं, पक्क्या बिलानं घेतलं होतं. त्याचा पंचनामा तालुका तक्रार निवारण समितीनं केला.

म्हणून सांगतो, हातातल्या दोन-चार हजारांचं पहिलं काम बियाणं रोखीनं घेणं. पक्कं बिल, पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा.

आता अडचण अशी की हप्ता जूनमध्ये येईलच याचा भरवसा नाही. कागदावर तीन काळ आहेत: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. त्या काळात कोणत्याही दिवशी पैसे जमा होऊ शकतात. २०२४ मध्ये पहिल्या काळातला हप्ता १८ जूनला पडला, ऐन पेरणीत. २०२५ मध्ये तोच २ ऑगस्टला पडला, तेव्हा सोयाबीन गुडघ्याला लागत होतं. ज्यांनी त्याच्या भरवशावर कृषी केंद्रात शब्द टाकला होता, त्यांची उधारी दीड महिना आधीच सुरू झाली. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा हप्ता कधी केंद्राच्या सोबत येतो, कधी मागाहून. वाशीमला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी दोन्ही एकाच दिवशी मिळाले होते, तसं दर वेळी धरू नका.

तेव्हा जूनच्या पेरणीसाठी जूनच्या हप्त्याची वाट पाहायची नाही. डिसेंबर ते मार्च या काळातला हप्ता त्यासाठी बाजूला काढायचा. २०२५ मध्ये तो २४ फेब्रुवारीला आला होता. त्या वेळी तूर निघत असते, घरात थोडा पैसा असतो, लग्नसराई मात्र तोंडावर असते. केंद्र-राज्य मिळून होणाऱ्या त्या चार हजारांना लग्नाच्या आहेराआधी वाचवलं, तर जूनमध्ये तुम्ही दुकानात रोखीचे गिऱ्हाईक म्हणून जाता. पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत वेगळं खातं काढा, पण मग आधारशी जोडलेलं डीबीटीचं (सरकारी मदत थेट जमा होते ते) खातं बदलू नका, रक्कम हातानं तिकडे टाका.

घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवणार असाल तर आणखी सोपं. मे महिन्यात शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी उघडून कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी तीस किलो पुरतं. कमी असतील तर त्या मानानं बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते बाजारात विका आणि ठेवलेल्या हप्त्यातून नवं घ्या. पेरणी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय नको. दुबार पेरणी कोणत्याही हप्त्यातून निघत नाही.

दुसरं म्हणजे पीक विमा. एक रुपयाचा विमा खरीप २०२५ पासून बंद झाला. आता खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबिया पिकांना विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा स्वतः भरावा लागतो. शेवटची तारीख साधारण जुलैअखेर असते, तेव्हा निंदण-फवारणीनं खिसा रिकामा असतो. "या वर्षी राहू द्या" असं म्हणणारे मला २०२५ मध्ये दर गावात भेटले. हेही पैसे फेब्रुवारीतच वेगळे काढा.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हप्ता? तो माल थांबवायला वापरा. दिवाळीत घरात तेल-साखर आणायला पैसा नसतो म्हणून ओलं सोयाबीन चुंगड्यात भरून नेलं जातं आणि ओलाव्याच्या नावानं भाव पडतो. हातात चार हजार असले की सण निघतो, माल उन्हात वाळतो. मग बाजार समितीत पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेची चौकशी करा. गोदामात ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांपर्यंत मिळते. ही योजना १९९० पासून आहे, आणि अजूनही निम्म्या गावांना ती नवी वाटते. यात आमच्या खात्याचाही दोष आहेच.

"मालकाच्या खात्यात हप्ता येते, माझ्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार. मालक म्हणतात सगळा पैसा वावरात टाकू. सासूबाई म्हणतात पुरुषाच्या हातात पडला की बाटलीत जाईल. काय करू?" (कुही तालुका, अडीच एकर)

ताई, बाटलीचं आधी. ही भीती जगभर विचारली गेली आणि तपासलीही गेली. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी अनेक देशांतल्या अशा योजनांची माहिती एकत्र केली, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. ज्या घरात आधीच व्यसन आहे तिथे हप्ता असो की मजुरी, प्रश्न तोच राहतो आणि त्याला माझ्याकडे औषध नाही. पण सगळ्या घरांवर तो शिक्का मारू नये.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत २०११ मध्ये कष्टकरी बायकांच्या 'सेवा' या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं एक प्रयोग केला. मोठ्या माणसाला महिन्याला आधी २०० आणि नंतर ३०० रुपये, मुलामागे त्याच्या निम्मे. अट कसलीच नाही, आणि पैसे ज्याचे त्याच्या नावे, बाईचे बाईच्या हातात. वर्ष-दीड वर्षात दिसलं ते असं: जनावरं वाढली, मुलींची वजनं सुधारली, आणि छोटे शेतकरी दुसऱ्याच्या वावरातली मजुरी कमी करून स्वतःच्या वावरात जास्त दिवस राबू लागले. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. तुमच्याकडेही पाहा, ऐन निंदणाच्या वेळी आपल्या पऱ्हाटीत गवत माजलेलं असतं आणि आपण रोजीसाठी दुसऱ्याच्या धुऱ्यावर असतो, कारण शनिवारच्या बाजाराला रोख लागते. दीड हजारांनी तो बाजार निघाला, तर त्या आठवड्यातलं निंदण आपल्या वावरात होतं. उत्पन्न तिथेच वाढतं.

म्हणून मालकांना सांगा, तुमचे दीड हजार घरात खर्च होणं म्हणजेच ते वावरात टाकणं आहे. किराण्याची उधारी आधी मिटवा. मग दोन-तीन महिन्यांचे साठवून शेळीची एखादी पाठ (मादी पिल्लू) घ्या. आपल्या हवेला बेरारी शेळीच बरी, दिसायला मोठी म्हणून बाहेरची जात आणू नका. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि पीपीआरची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घ्या, नाहीतर सहा महिन्यांची बचत एका पावसात जाते.

मालकांना पटलं तर लक्ष्मीमुक्तीतून सातबाऱ्यावर तुमचंही नाव लावून घ्या, तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. त्यानं पीएम किसानचा दुसरा हप्ता सुरू होणार नाही, तिथे नवरा-बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एकच कुटुंब धरतात. नाव हप्त्यासाठी नाही, उद्याच्या पीक कर्जासाठी आणि वारसासाठी लावायचं.

"तीन हप्ते आले नाहीत. सेतूत विचारलं तर 'वरून बंद' म्हणतात." (मौदा तालुका)

वरून काही कारणाशिवाय बंद होत नाही. बहुतेक वेळा चारपैकी एक कारण निघतं: ई-केवायसी राहिली, जमिनीची नोंद जोडलेली नाही, बँक खातं आधारशी डीबीटीसाठी जोडलेलं नाही, किंवा शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नाही. पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकला की कोणत्या रकान्यात "नाही" आहे ते दिसतं. त्याचा कागद छापून तालुका कृषी कार्यालयात या, नुसतं "बंद आहे" म्हणून येऊ नका. वडील वारले असतील तर आधी फेरफार करा. नवरा-बायकोपैकी कुणी आयकर भरत असेल तर मात्र हप्ता बसत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीएम किसानच्या नावाची कोणतीही फाइल उघडू नका, खातं रिकामं होतं.

"मी दहा एकर मक्त्यानं करतो. सगळा खर्च माझा. हप्ता जमीनमालकाला, तो नागपुरात राहतो." (उमरेड तालुका)

भाऊ, यावर माझ्याकडे समाधानाचं उत्तर नाही. योजना सातबारा पाहते, राबणारा हात पाहत नाही. मालकाशी मक्ता ठरवताना हप्त्याचा विषय काढून रक्कम थोडी कमी करता येते का ते बघा, काही जणांनी तसं केलेलं मला माहीत आहे. नोंदणी केलेला लेखी करार असेल तर कुळाच्या विम्यासाठी उपयोगी पडतो, तेवढा जरूर करा.

"हप्ते साठवून एकदाच मोठं काम करावं की येतील तसे खर्चावे? संत्र्याची दीडशे झाडं आहेत." (काटोल तालुका)

केनियात रोख मदतीच्या अशाच एका प्रयोगात २०११ ते २०१३ दरम्यान काही घरांना रक्कम एकदम दिली गेली आणि काहींना दर महिन्याला. एकदम मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू जास्त घेतल्या, महिन्यानं मिळालेल्यांच्या घरी पोटाला मिळण्याची खात्री वाढली. दोन्ही चूक नाही. तुमच्या बागेला मात्र मोठ्या रकमेपेक्षा वेळेवरची छोटी रक्कम जास्त कामाची आहे. डिंक्यानं (खोडातून डिंक गळण्याच्या रोगानं) गेलेलं झाड मी किती मोजू? बहुतेकांच्या खोडाला पावसाळ्याआधी बोर्डो मलम लागलेलं नसतं, आणि कारण विचारलं तर "तेव्हा पैसा नव्हता."

हे मलम घरीच करा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद रात्रीच पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत भिजवा. चुना दुसऱ्या बादलीत विरवून गाळून घ्या, मग दोन्ही तिसऱ्या बादलीत ढवळत ओता. लोखंडी भांडं चालणार नाही. झाल्यावर घासलेल्या विळ्याचं टोक त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांब्याचा लाल थर चढला तर चुन्याचं पाणी आणखी घाला. खोडावरची डिंकाळलेली साल चाकूनं खरडून मग जमिनीपासून एक मीटरपर्यंत मलम लावा, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. मलम त्याच दिवशी संपवा, शिळं लावू नका.