वाचकांचे प्रश्न : धामचे पाणी कुठून येते, कुठे जाते?

प्रश्न : आमचे शेत पवनारच्या खालच्या अंगाला, धाम नदीच्या काठावर आहे. धाम वर्धा नदीला मिळते, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. पण माझ्या नातीने शाळेच्या पेपरात ती वेणेला मिळते असे लिहिले आणि तिचे उत्तर चूक ठरले. खरे काय? दुसरी शंका अशी की, वैशाखात नदी नुसत्या डोहांवर आलेली असते, आभाळात ढगाचा ठिपका नसतो, आणि एखाद्या सकाळी पाहावे तर पाणी वाढलेले असते. हे पाणी कुठले?
– एक शेतकरी वाचक, जि. वर्धा

उत्तर : नातीचे गुण तिला परत मिळायला हवेत. धाम वेणेलाच मिळते. आपण ऐकलेलेही अगदीच खोटे नाही, कारण वेणा पुढे वर्धा नदीत जाते आणि धामचे पाणी तिच्यामार्फत शेवटी वर्धेतच पोहोचते. परंतु ‘कोणाला मिळते’ असा प्रश्न असेल, तर ज्या नदीशी प्रत्यक्ष संगम होतो तिचेच नाव लिहायचे असते. या घोटाळ्याला आपल्या शहराच्या नावाचाही हातभार लागला असावा. वर्धा शहर वर्धा नदीच्या काठी आहे, असा बाहेरच्यांचा नेहमी समज होतो. प्रत्यक्षात 1866 साली पालकवाडी या खेड्याच्या जागी हे शहर वसविले गेले आणि त्याला नदीचे नाव दिले गेले. ती नदी मात्र जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून, पुलगावकडून वाहते. शहराला जवळची नदी म्हणजे धामच.

जिल्ह्याचा उत्तर भाग डोंगराळ असून जमिनीचा उतार साधारणपणे दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे आहे. आर्वी-कारंजाकडील टेकड्यांतून निघालेली धाम हा उतार धरून आंजी, येळाकेळी, पवनार अशी खाली येते. तिच्या आणि वर्धा नदीच्या मध्ये जो उंचवटा आहे, त्याच्या पश्चिमेचा पाऊस वर्धेकडे आणि पूर्वेचा धामकडे उतरतो. हा उंचवटा डोळ्यांत भरण्यासारखा नाही, बंडीच्या बैलांनाही तो चढ जाणवू नये. पण धाम सरळ पश्चिमेला वळून वर्धेला का भेटत नाही, याचे कारण तोच आहे. नागपूर जिल्ह्यातून येणारी वेणा हिंगणघाटवरून पुढे जाऊन वर्धेला मिळते. चंद्रपूर जिल्ह्यात वढा येथे वर्धेला पैनगंगा मिळते. पुढे वैनगंगेशी संगम झाल्यावर तिचे नाव प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत जाते. पवनारला 1948 साली धामेत विसर्जित केलेल्या गांधीजींच्या अस्थींची वाटही बंगालच्या उपसागरापर्यंत हीच.

आता वैशाखातल्या पाण्याविषयी. आपला प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. पवनारच्या पात्रात पावसाळ्यानंतर उघडे पडणारे खडक त्याचेच. हा खडक भेगांतून आणि झिजलेल्या थरातून जेवढे पाणी धरतो तेवढेच, एरवी पावसाचे बरेचसे पाणी वरच्यावर वाहून जाते. म्हणून श्रावणात काठ सोडणारी नदी फाल्गुनात पायांनी ओलांडता येते आणि नंतर डोह तेवढे उरतात. मात्र वरच्या बाजूला, खरांगणा परिसरात महाकाळी येथे धामवर धरण आहे. वर्धा शहराला पिण्याचे पाणी याच नदीतून दिले जाते आणि त्याची उचल येळाकेळी व पवनार येथे होते. उन्हाळ्यात पात्रातील साठा खाली गेला की धरणातून पाणी सोडतात आणि ते नदीच्या पात्रातूनच खाली येते. आपल्याला सकाळी वाढलेले दिसते ते हेच पाणी. तापलेली रेती आणि वाटेतले कोरडे डोह आधी आपला वाटा घेतात, त्यामुळे पाणी सोडल्याबरोबर ते आपल्या काठाला दिसत नाही. नदीचा नळासारखा उपयोग करण्याची ही पद्धत सोयीची असली, तरी तिच्यात पाणी वाया फार जाते, असे आमचे मत आहे.

पुढच्या वेळी पाणी वाढले की ओंजळीत घेऊन पाहा. पहिला लोंढा डोहांतला पाला, फेस आणि शेवाळ पुढे ढकलीत येतो, पण त्यामागचे धरणाचे पाणी बरेच नितळ असते. पाणी मातकट असेल आणि उतरण्याऐवजी चढतच असेल, तर वरच्या भागात अवकाळी पाऊस झाला आहे असे समजावे, आणि काठावरचा मोटरपंप व पात्रातील डांगरवाडीचे सामान लगेच वर घ्यावे.