गोव्यात सहा जणांच्या कुटुंबासाठी एर्टिगा, कॅरेन्स की ट्रायबर?

घर डिचोलीत, माणसं सहा, आईंचे गुडघे दुखतात आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव, असं तुम्ही लिहिलंय. बेळगावची फेरी खरंच दर महिन्याला होणार असेल तर कियाची कॅरेन्स घ्या, डिझेल किंवा टर्बो पेट्रोल (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारं). ती फेरी वर्षातून दोनदाच होणार असेल तर मारुतीची एर्टिगा पुरे.

सगळा फरक घाटात पडतो. आमच्या घरी एर्टिगा आहे. तिचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १०३ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर १३७ न्यूटन मीटर, पण तो पूर्ण मिळतो ४४०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ४४०० फेरे घेतं तेव्हा. साध्या रस्त्यावर काही जाणवत नाही. घाटाच्या पायथ्याचं केरी गाव मागे पडून चढण लागली, गाडी भरलेली, एसी चालू आणि पुढे ट्रक, की दुसऱ्या गिअरवरून हात हलत नाही. गाडी चढते, पण इंजिन ओरडत चढते, आणि ओव्हरटेक करायला मिळालेली मोकळी जागा वेग येईपर्यंत संपलेली असते. कॅरेन्स डिझेलचे २५० न्यूटन मीटर १५०० आरपीएमपासूनच हाताशी असतात. टर्बो पेट्रोल १६० पीएसचं, टॉर्क २५३, तोही १५०० पासून. फक्त भरली गाडी दामटलीत तर टर्बो पेट्रोल पिते. कॅरेन्सचं साधं ११५ पीएसचं पेट्रोल मात्र घेऊ नका: टॉर्क १४४, गाडी एर्टिगाहून जड, मग जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

आता सामान. तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाची डिकी २०९ लिटर, कॅरेन्सची २१६. म्हणजे दोन्हीकडे सारखीच अडचण. म्हणूनच माणसं सहा असली तरी सहा आसनी कॅरेन्स नको. तिच्यात मधल्या रांगेत दोनच खुर्च्या, त्यामुळे मागची रांग पूर्ण भरते आणि बॅगा मांडीवर येतात. सात आसनीत पुढे दोन, मध्ये तीन, मागे एक असे बसलात तर मागचं अर्धं आसन पाडून तिथे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजाराचे नारळ, केळीचा घड, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान नीट मावतं. सेल्समन ऐटदार खुर्च्याच आधी दाखवेल. सीएनजी एर्टिगाचा विचार असेल तर सिलिंडर डिकीतच बसतो, हे लक्षात ठेवा.

आईंना कायम मधल्या रांगेत, दाराकडे बसवा. प्रश्न मागे जाणाऱ्याचा. कॅरेन्समध्ये बटण दाबलं की मधलं आसन दुमडून पुढे उलटतं आणि बऱ्यापैकी वाट होते (तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटला ते बटण आहे ना, विचारून घ्या). एर्टिगात आसन पुढे सरकतं, पण वाट अरुंदच राहते. दर वेळी आईंना उठवायचं नसेल तर मागचा माणूस दुसऱ्या दाराने चढवा.

रेनोची ट्रायबर चार मीटरच्या आत, त्यामुळे चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या वाड्यावरच्या वाटेला झकास. मागची आसनं उचलून घरी ठेवता येतात आणि डिकी ६२५ लिटरची होते. चित्रशाळेतून गणपती आणायला याहून सोयीची गाडी या किमतीत मला तरी दिसत नाही. पण ७२ पीएस आणि ९६ न्यूटन मीटरवर सहा जणांना घेऊन चोर्ला? नको.

आणि स्टेशन वॅगन, म्हणजे लांब डिकीची कार, का मिळत नाही, असंही विचारलंयत. बलेनो अल्तुरा आली, इंडिगो मरिना आली, दोन्ही गेल्या. आपल्याकडे लांब डिकीला कोणी भुललं नाही.

टेस्ट ड्राइव्हला मात्र घरचे सगळे न्या. एसी लावून चढणीवर मध्येच थांबा आणि पुन्हा उचला. एर्टिगा ठरलीच तर टोयोटाची रुमिऑनही विचारा. २०२३ पासून मिळणारी ही आतून तीच गाडी आहे, चवथीआधी जिची डिलिव्हरी मिळेल ती घ्या.