डिजिटल कार्ड गेमचे जुने खेळाडू सतत कुरकुरत का असतात? आणि त्यात पैसे घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काही महिन्यांपासून तुम्ही मोबाइलवर कार्ड गेम खेळताय, मजा येतेय, पण भेटेल तो जुना खेळाडू ‘गेमची पार वाट लागली’ म्हणतो आणि तरी रोज खेळतो. त्याला नेमकं काय टोचतं, आणि तुम्ही पैसे घालावेत का?

मी त्याच कुरकुऱ्या जमातीतला. कॉलेजात असताना सुरू केलं, आता केस पांढरे व्हायला लागलेत. मी कुठला गेम खेळतो ते सांगत नाही, कारण माझं रडगाणं एका गेमपुरतं नाही, या अख्ख्या जातकुळीचं आहे. उदाहरणं बरीचशी हार्थस्टोनची देतो. तो 2014 साली आला आणि नंतरच्या बहुतेकांनी त्याचाच कित्ता गिरवला.

आधी एक खुलासा. हे पैसे लावून खेळायच्या रमीबद्दल नाही. 2025च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा आमच्या मामांनी फोन करून ‘सुटलास बाबा एकदाचा’ म्हटलं होतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना अजून पटलेलं नाही.

नव्या माणसाला वाटतं की जुने लोक हरतात म्हणून चिडतात, किंवा नशिबावर चिडतात. तसं नसतं हो. मेंढीकोटात चारही मेंढ्या समोरच्यांनी नेल्या, कोट बसला, तरी आपण पुढचा डाव पिसायला घेतोच. पत्त्यांत नशीब असणारच. राग येतो तो इतक्या वर्षांत जे शिकलो त्याला किंमत उरत नाही याचा.

म्हणजे काय, ते एका पानावरून सांगतो. हार्थस्टोनच्या सुरुवातीच्या काळात समोर ‘मेज’ (मंत्र टाकणारा जादूगार) असेल आणि त्याची सात मानाची खेळी (माना म्हणजे पान टाकायला लागणारी शक्ती, दर खेळीला एकेक वाढते) जवळ येत असेल तर जाणता खेळाडू हात आखडता घ्यायचा. कारण फ्लेमस्ट्राइक. सात मानाला समोरच्या सगळ्या मिनियनना, म्हणजे पटावर उतरवलेल्या गड्यांना, चार-चार डॅमेज. मग हिशोब सुरू व्हायचा. पाच हेल्थचा मिनियन असेल तर बिनधास्त उतरवा, चारचा असेल तर हातात दाबून ठेवा. आणि सातव्या खेळीला त्याने भलतंच काहीतरी टाकलं तर समजायचं, गडी रिकामा आहे, आता घुसा. हे कुठल्या पानावर लिहिलेलं नसतं. हरत-हरत अंगात मुरतं आणि खेळाची खरी गंमत तिथेच असते. समोरच्याचा हात न बघता वाचायचा.

2015च्या नोव्हेंबरात ‘डिस्कव्हर’ आलं. गेम तुम्हाला तीन पानं दाखवणार, त्यातलं एक निवडायचं, ते तुमच्या हातात. कल्पना झकास होती, मला आजही आवडते. पण पुढे पानातून पान काढणारी पानं इतकी वाढली की समोरच्याच्या हातातली बरीचशी पानं त्याने डेकमध्ये, म्हणजे डावाआधी निवडलेल्या गड्डीत, घातलेलीच नसतात. दोन मिनिटांपूर्वी त्याला स्वतःला माहीत नव्हतं ते मी काय डोंबल वाचणार?

मी खेळतो त्या गेममधला परवाचाच डाव घ्या. माझा बोर्ड भरलेला, समोरचा सात लाइफवर, पुढच्या खेळीत तो मरणार हे त्यालाही दिसतंय. त्याने एक पान टाकलं. त्यातून दुसरं निघालं. दुसऱ्याने आणखी दोन ओढली, त्यातलं एक फुकट झालं, ते टाकल्याबरोबर पहिलं परत हातात. माझ्या स्क्रीनवर ठिणग्या उडताहेत आणि मी चहाचा कप धरून बघत बसलोय. टायमर संपला तरी ॲनिमेशन चालूच. शेवटी भरलेल्या लाइफवरून मी एका खेळीत शून्यावर आलो. शेवटचा फटका मारण्याआधी पठ्ठ्याने ‘छान खेळलात’चा इमोट (गेममधला तयार संदेश) पाठवला. अरे, मी खेळलो कुठे? मी तर प्रेक्षक होतो.

हे असं का होतं, तर कंपनीला नवीन पानं विकायची असतात. हार्थस्टोनमध्ये 2017 पासून वर्षाला नव्या पानांचे तीन मोठे सेट येऊ लागले. दर चार महिन्यांनी नवा माल, आणि तो जुन्याहून थोडा तरी भारी नसेल तर पॅक, म्हणजे आत कुठली पानं निघतील ते माहीत नसलेली पाकिटं, कोण फोडणार? मॅग्मा रेजर नावाचं एक पान होतं, तीन मानाला 5 अटॅक, 1 हेल्थ. 2015 साली आइस रेजर आला. तोच तीन माना, तोच 5 अटॅक, पण हेल्थ 2. दोन्ही पानं तशी टाकाऊच, पण त्या एका हेल्थवरून लोकांनी केवढा गहजब केला होता! आता मागे वळून पाहिलं की वाटतं, ओरडणाऱ्यांना पुढचा रस्ता बरोबर दिसला होता. पहिल्या वर्षी चार मानाला 4-5 चा यती म्हणजे भरवशाचा गडी. आज तो उतरवलात तर समोरच्याला वाटेल, चुकून बोट लागलं.

रोटेशनवर, म्हणजे जुने सेट बाजूला काढण्यावर, मात्र माझा राग नाही, इथे माझं इतर कुरकुऱ्यांशी पटत नाही. 2016 मध्ये हार्थस्टोनने स्टँडर्ड फॉरमॅट आणला: अलीकडच्या सेटमधलीच पानं चालणार, बाकीची ‘वाइल्ड’ नावाच्या वेगळ्या फॉरमॅटमध्ये. तसं केलं नसतं तर तुमच्यासारख्या नव्या माणसाला दारातच दहा वर्षांची पानं गोळा करायला लागली असती. माझी बोच वेगळी आहे. मॅजिक या कागदी पत्त्यांच्या खेळाचं पान, 1993 सालचं का असेना, तुम्ही विकू शकता, भावाला देऊ शकता, ट्रंकेत ठेवू शकता. इथे पान मोडायचं, म्हणजे त्याची डस्ट करायची, आणि त्या डस्टमधून दुसरं पान बनवायचं. हार्थस्टोनमध्ये लेजेंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ, पान बनवायला 1600 डस्ट लागते आणि मोडलं तर 400 मिळते. चार मोडा तेव्हा एक घ्या. आणि लेजेंडरी निघतं साधारण वीस पॅकमागे एक.

नर्फचा प्रकार याहून मजेशीर. एखादं पान फार माजलं की कंपनी त्याचे आकडे कमी करते आणि काही दिवस त्या पानाची पूर्ण डस्ट परत देते. ऐकायला न्याय्य वाटतं. पण डेक तीस पानांचा असतो. नर्फ झालं एक पान, परतावा त्या एका पानाचा. त्याच्याभोवती रचलेली बाकीची महागडी पानं आता एकटी पडली, त्यांना कोण विचारतो? म्हणून जुने लोक नवा डेक दिसला की पहिला प्रश्न ‘जिंकतो का?’ असा करत नाहीत. ‘हा किती दिवस टिकू देतील?’ असा करतात. मी डेक बनवण्याआधी पॅच, म्हणजे पानांचे आकडे बदलणारा अपडेट, कधी येणार ते बघतो. खेळापेक्षा हे शेअर बाजारासारखंच जास्त झालंय.

गेमच हातातून जाण्याची भीती तर सगळ्यांत वरची. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते आणि भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये भारताला कांस्य मिळवून दिलं. पदकतालिकेत ते धरलं गेलं नाही, पण आमच्यासाठी केवढी गोष्ट होती ती! पुढच्या हांगझोऊ स्पर्धेत ई-स्पोर्ट्सना खरी पदकं मिळणार होती आणि यादीत हार्थस्टोनही होता. मग हार्थस्टोन बनवणारी ब्लिझार्ड आणि तिचे गेम चीनमध्ये चालवणारी नेटईज यांचा करार मोडला, 2023च्या जानेवारीत तिथले सर्व्हर बंद झाले आणि स्पर्धेतून हा गेमच वगळला गेला. तयारी करणाऱ्या खेळाडूंनी काय करायचं? दुसऱ्या वर्षी दोन्ही कंपन्यांचं परत जमलं, सर्व्हर सुरू झाले. पण पदकांची गाडी तोवर निघून गेली होती.

बाकीच्या कार्ड गेमचं काय झालं तेही बघा. ‘पानं विकता आली पाहिजेत’ असं आम्हीच ओरडायचो ना? व्हॉल्व या गेम कंपनीने 2018 मध्ये आर्टिफॅक्ट आणला, मॅजिक बनवणारे रिचर्ड गारफिल्ड स्वतः त्यात होते, पानं स्टीम या व्हॉल्वच्याच ऑनलाइन दुकानाच्या बाजारात विकता येत होती. पण गेम घ्यायलाच वीस डॉलर, वर पॅकचे वेगळे. लोक बघता-बघता पांगले आणि 2021च्या मार्चमध्ये काम थांबवून गेम फुकट करून टाकला. लेजेंड्स ऑफ रूनेटेरा पैशांच्या बाबतीत सगळ्यात उदार होता, 2024 मध्ये त्याचं लक्ष माणूस विरुद्ध माणूस सोडून एकट्याने खेळायच्या मोडकडे गेलं. एल्डर स्क्रोल्स लेजेंड्सचे सर्व्हर 2025च्या सुरुवातीला बंद. त्यातल्या त्यात ग्वेंटने सभ्यपणे निरोप घेतला. 2023 नंतर कंपनीची नवीन पानं नाहीत, पण कुठलं पान बळकट करायचं, कुठलं कमजोर, हे खेळाडू मत देऊन ठरवतात. पैसे उकळणारा टिकला नाही आणि उदार होता तोही तसाच अडकला, त्यामुळे कंपन्या पॅकचीच कास का धरतात ते मला कळतं. कळतं, पण वळत नाही.

मग आम्ही खेळतो कशाला? कारण अधूनमधून तसा डाव पडतो. समोरचाही मुरलेला असतो, तो एक पान मुद्दाम धरून ठेवतो, मला ते कळतं, मला कळलंय हे त्यालाही कळतं आणि दोघेही दोन खेळ्या नुसते एकमेकांची वाट बघतो. असा डाव हरलो तरी झोप छान लागते.

आता पैशांचं. सेट आल्याआल्या पॅक घेऊ नका, पहिला बॅलन्स पॅच येऊ द्या. तोवर जो डेक सगळे खेळताहेत त्यावर डस्ट उडवू नका. कुठल्याही एकाच डेकमध्ये चालणाऱ्या पानापेक्षा चार डेकमध्ये चालेल असं पान आधी बनवा. ‘फक्त आज’ लिहिलेल्या बंडलकडे बघूसुद्धा नका, ते पुढच्या आठवड्यात वेगळ्या नावाने येतं. आणि तुमच्या गेममध्ये ड्राफ्टचा मोड असेल, म्हणजे दाखवलेल्या पानांतून एकेक निवडून तिथल्या तिथे डेक बांधायचा, तर महिन्याला खर्च करायची रक्कम ठरवून तीच तिकडे वळवा. तिथे साठा कोणाचा मोठा याला अर्थ नसतो, आणि माझ्यासारखे बरेच कुरकुरे तुम्हाला तिथेच भेटतील.