गोल्फच्या रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शंभर-शंभर बॉल मारूनही स्कोअर, म्हणजे एकूण फटके, उतरत नाही. स्विंग आणि पटिंगसाठी नेमका कसला सराव करावा?

तुम्ही लिहिलंय की वय ४४, गोल्फ सुरू करून दीड वर्ष झालं, दर शनिवारी आणि रविवारी रेंजवर शंभर-शंभर बॉल मारता, तरी स्कोअर १०५ च्या खाली येत नाही. ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) उजवीकडे पळतो, चार फुटांवरचे पट (होलमध्ये घालायचे जमिनीवरचे फटके) चुकतात आणि ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये सरावाला जागा नाही. या रांगेत मी तुमच्या आधी उभा होतो, म्हणून लिहायला बसलो. मी पुण्याचा. नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. गोल्फचा क्लब हातात आला तो त्रेचाळिसाव्या वर्षी, आज हँडिकॅप १४ आहे, म्हणजे चांगल्या दिवशी ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण चौदा जास्त लागतात. मी कोच नाही, तेव्हा स्विंगचं शास्त्र माझ्याकडून शिकू नका. सराव कसा वाया जातो, हे मात्र मी पैसे मोजून शिकलोय.

पहिली तीन वर्षं मी रेंजवरच्या बॉलच्या बादल्या मोजायचो. आज दोन बादल्या झाल्या, म्हणजे आज मेहनत झाली. त्यातून मिळालं काय, तर उजवं कोपर. आतल्या बाजूने इतकं धरलं की चहाचा कप उचलताना डावा हात पुढे यायचा. तीन महिने खेळ बंद. रेंजवरच्या बहुतेक मॅटच्या खाली काँक्रीट असतं, आणि प्रत्येक जड फटक्याचा हिसका हातात येतो. मॅटचं दुसरं पाप याहून मोठं आहे, ती खोटं बोलते. क्लब बॉलच्या दोन इंच अलीकडे टेकला तरी मॅटवरून घसरत पुढे जातो, बॉल बऱ्यापैकी उडतो आणि आपण खूश. तोच फटका गवतावर मारला की क्लब मातीत रुततो आणि बॉल वीस पावलांवर जाऊन बसतो. शनिवारी रेंजवर चांगला खेळणारा माणूस रविवारी कोर्सवर का ढेपाळतो, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

टूलरूममध्ये आमच्याकडे गो आणि नो-गो गेज असायचा. भोकाचं माप बरोबर आहे की नाही यावर चर्चा नाही. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. कोपर बरं झाल्यावर मी सरावालाही तोच नियम लावला. चूक झाली तर त्या क्षणी, कोणी शेजारी उभं नसताना, सरावानेच ती सांगितली पाहिजे. जो सराव सांगत नाही तो सोडून दिला. खाली जे लिहितो ते या चाळणीतून उरलेलं आहे. (मी उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने लिहितोय, डावखुरे असाल तर उलटं वाचा.)

आधी पटिंग, कारण ते फ्लॅटमध्ये होतं. शिवाय ७२ पारच्या कोर्सवर (अठरा होलना ७२ फटके ठरलेले) पारच्या हिशेबातच दर होलला दोन, म्हणजे ३६ फटके पटरचे (पट मारायच्या क्लबचे) धरलेले असतात. अर्धा खेळ तोच, आणि आपण त्याला रेंजवरून निघताना पाच मिनिटं देतो.

हार्डवेअरच्या दुकानातून एक मीटरची स्टीलची पट्टी आणा. तिच्या एका टोकाला टांगायला भोक असतं. पट्टी सतरंजीवर किंवा कार्पेटवर सपाट ठेवा, बॉल त्या भोकावर ठेवा, म्हणजे तो हलत नाही. आता पट मारा. बॉल पट्टीवरून दुसऱ्या टोकापर्यंत गेला तर पास, मध्येच कडेने उतरला तर नापास. उजवीकडे उतरला तर पटरचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं होतं, डावीकडे उतरला तर मिटलेलं. पटमध्ये बॉल कुठल्या दिशेने निघणार हे जवळजवळ सगळं तोंडाच्या कोनावर ठरतं, हात किती वळणावळणाने आला याचा वाटा थोडा. पहिल्या दिवशी माझे दहातले तीन पास झाले होते. आठवर यायला दोन महिने लागले.

एवढी बारीक मोजणी कशाला, असं वाटेल. होलचा व्यास सव्वाचार इंच. दहा फुटांवरून पटरचं तोंड एका अंशाने चुकलं तर बॉल होलपाशी पोचेपर्यंत मध्यापासून दोन इंचांहून थोडा जास्त सरकलेला असतो, म्हणजे अगदी कडेवर. हळू आला तर पडेल, जोरात आला तर कड चाटून बाहेर. एक अंश डोळ्याला दिसत नाही. पट्टीला दिसतो.

ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) गेलात की पट्टीऐवजी दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) रोवा, पटरच्या डोक्यापेक्षा जेमतेम रुंद फट ठेवून, आणि त्या दारातून पटर न्या. टायगर वुड्सचा हा सराव प्रसिद्ध आहे. घरी टीऐवजी दोन उभे पेन्सिल सेल चालतात, पडले की कळतंच. बॉल पटरच्या मध्यावर बसतोय की टोकावर, हे याने समजतं. टोकावर बसलेला पट नेहमी तोकडा पडतो, आणि आपण समजतो की ग्रीन स्लो आहे.

तीन फुटांवरून होलभोवती गोलात बॉल मांडायचे आणि सगळे सलग घालायचे, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून, हा अमेरिकन व्यावसायिक फिल मिकलसनचा म्हणून ओळखला जाणारा सराव. तो असे शंभर सलग घालायचा म्हणतात. मी बारावर समाधानी आहे. अकरावा घालून बाराव्याला हात कसा कापतो ते एकदा अनुभवा, रविवारच्या मॅचमधलं दडपण तुम्हाला फुकट मिळेल. आणि चार फुटांवर चुकता म्हणून फार मनाला लावून घेऊ नका. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच घालतात.

तीन-तीन पट लागतात ते मात्र बहुतेकदा दिशेमुळे लागत नाहीत. तीस फुटांवरून कोणी सहा फूट उजवीकडे मारत नाही, सहा फूट तोकडा किंवा लांब मारतो. त्यासाठी होल विसरा. ग्रीनच्या एका बाजूने पट मारून बॉल समोरच्या कडेला, लांब गवत सुरू होतं तिथे नेऊन थांबवायचा. हे डोळे मिटून करा, आणि डोळे उघडण्याआधी मोठ्याने बोला: 'तोकडा', 'लांब' किंवा 'बरोबर'. मग बघा. सुरुवातीला तुमचा अंदाज आणि बॉल यांची गाठच पडणार नाही. ज्या दिवशी अंदाज जुळायला लागतात त्या दिवशी हाताला वजन कळायला लागलेलं असतं. लोक बघतात थोडे, बघू देत.

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं, आणि त्याचा लव असतो, म्हणजे पाती एका बाजूला झुकलेली असतात. गवत चकाकताना दिसलं तर ते तुमच्यापासून लांब झुकलंय, बॉल पळणार. गडद दिसलं तर तुमच्याकडे झुकलंय, बॉल अडणार. होलची एक कड नीट आणि एक कुरतडलेली दिसते, लव त्या कुरतडलेल्या बाजूला जातो. पावसाळ्यात तर सगळंच जड होतं, जूनमधला हात जुलैत चालत नाही. म्हणून खेळायला जायच्या आधी दहा मिनिटं हा डोळे मिटण्याचा सराव मी कधी चुकवत नाही, बाकी सगळं चुकवतो.

लांब मारता येत नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांना मी आपल्या गोल्फर अदिती अशोकची टोकियो ऑलिम्पिक्स आठवायला सांगतो. २०२१ मध्ये तिथे खेळलेल्या मुलींत तिचा ड्रायव्हर सगळ्यात आखूड पडणाऱ्यांत होता, आणि ती पटरच्या जोरावर चौथी आली. ब्राँझ एका फटक्याने हुकलं.

आता स्विंग. आपल्यापैकी बहुतेकांचा हात क्रिकेटवर बसलेला असतो, आणि त्यातून दोन रोग येतात. एक, बॉल हवेत उचलून द्यायची हौस. मागच्या पायावर वजन ठेवून उजव्या हाताने खालून ढकलायचं. सात नंबरच्या आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) तोंडाला तीसेक अंशांचा उतार कारखान्यातच दिलेला असतो, उचलायचं काम तो करतो. तुमचं काम क्लब बॉलवर उतरत्या वाटेवर आणायचं, म्हणजे आधी बॉल, मग जमीन.

याची परीक्षा रांगोळीने होते. रेंजवर गवताची पट्टी असेल तिथे विचारून, नाहीतर एखाद्या मैदानाच्या कोपऱ्यात, रांगोळीची सरळ रेघ ओढा. रेघ दोन पायांच्या मध्ये येईल असे उभे राहा आणि बॉलशिवाय स्विंग करा. गवत खरवडल्याची खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला, सुरू झाली तर पास. रेघेच्या मागे सुरू झाली तर तो फटका कोर्सवर मातीत गेला असता. एक पाऊल पुढे सरकत रेघेवर दहा स्विंग करा, दहा खुणा समोर राहतात, वाद नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नऊ खुणा रेघेच्या मागे होत्या आणि दहावा स्विंग जमिनीला लागलाच नव्हता. मॅटशिवाय पर्याय नसेल तर बॉलच्या मागे चार बोटांवर पंच्याची घडी ठेवा. घडीला क्लब लागला, नापास. हे सगळं आयर्नचं. ड्रायव्हरचा बॉल टीवर असतो, तिथे जमिनीशी संबंध नाही.

दुसरा रोग तुमचा स्लाइस. खाली येताना खांदे आधी फिरतात, क्लब बाहेरून आत कापत येतो आणि त्या वाटेच्या मानाने तोंड उघडं राहतं, म्हणून बॉल उजवीकडे वळतो. आधी ग्रिप बघा: बॉलशी उभं राहून खाली पाहिलं की डाव्या हाताची किमान दोन बोटांची पेरं दिसली पाहिजेत. मग बॉलच्या पलीकडच्या अंगाला, वीतभर मागे, एक जुनी रबरी चप्पल ठेवा. क्लब बाहेरून आला की चप्पल उडते. मी हे अर्ध्या वेगाने सात आयर्नवर सुरू केलं, कारण पूर्ण वेगाने ड्रायव्हरवर पहिल्याच दिवशी चप्पल बॉलपेक्षा लांब गेली होती. वीस फटक्यांत चप्पल जागची हलली नाही की मग ड्रायव्हर काढायचा.

अर्ध्या वेगाचं म्हणाल तर माझा सगळ्यात जास्त वेळ अर्ध्या स्विंगमध्ये जातो. घड्याळाच्या नऊपासून तीनपर्यंत: डावा हात मागे नऊवर, उजवा पुढे तीनवर, बस. बॉलच्या मागच्या अंगाला व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका द्या, तो क्लबच्या तोंडावर उमटतो. टोकाला, टाचेला की मध्ये, ते दिसतं, बोटाने पुसायचं आणि पुढचा मारायचा. काखेत पंचा धरून हा अर्धा स्विंग केला तर हात छातीपासून सुटल्याबरोबर पंचा पडतो. पूर्ण स्विंगला पंचा लावू नका, तिथे हात थोडा सुटणारच.

लयीबद्दल थोडं. लहानपणी तीन वर्षं तबला शिकलो आणि सोडला, त्याचा उपयोग झाला तो इथे. तीनतालाच्या पहिल्या 'धा'ला क्लब मागे निघतो, धिं, धिं, चौथ्या मात्रेच्या 'धा'ला वर पोचतो, आणि दुसऱ्या विभागाच्या 'धा'ला बॉल. जायला तीन मात्रा, यायला एक. अव्वल खेळाडूंचं मागे जाणं आणि खाली येणं यांचं प्रमाणही साधारण तीनास एक असतं, लय तेवढी द्रुत. नुसतं बोल म्हणणं माझ्या चाळणीत बसत नाही, म्हणून ते दोन्ही पाय जुळवून करतो. घाई झाली की तोल जातो.

आता तुमचा आठवडा. दोनशे बॉलचे साठ करा, तेही एकाच दिवशी. पहिले वीस अर्ध्या स्विंगचे, ठिपक्यासकट. पुढचे पंचवीस पंच्याची घडी किंवा चप्पल, दोन्ही एकदम नको. शेवटच्या पंधरांत कोर्स खेळा: ओळखीचं पहिलं होल डोळ्यांसमोर आणा, ड्रायव्हर मारा, तो जिथे गेला असता तिथून जो क्लब लागेल तो काढा. एकच क्लब सलग दोनदा मारायचा नाही, कारण कोर्सवर तशी वेळ क्वचित येते. खारघरला सिडकोचा कोर्स तुम्हाला ठाण्याहून फार लांब नाही, सदस्यत्वाशिवाय खेळता येतं. वाचलेल्या बॉलच्या पैशातून महिन्यातून एकदा तिथे जा आणि त्या दिवशी स्कोअरच्या शेजारी फक्त पट किती लागले ते लिहा. तो आकडा १०५ पेक्षा आधी उतरेल.

घरी रोज दहा मिनिटं पट्टी. बॉल टोकावरून खाली पडला की फरशीवर टक्कन आवाज होतो आणि खालच्या मजल्यावर चांगला ऐकू जातो. आमच्याकडे त्यावरून एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला होता. पट्टीच्या पुढे जुनी उशी टाका.